कोरा अर्ज

एकाहत्तर साली धाकट्या भावाची गाडी खांबाला हलकेच धडकली. दिवा फुटला आणि शेजारी बसलेल्या ताईच्या उजव्या हाताची शीर दुखावली. दुसरी कोणी असती तर विसरून गेली असती, पण ताई वडिलांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायची. आता चिमट्यात स्क्रू ठरेना. विमा कंपनीचा माणूस नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन आला. “इथे लिहा, चालकाचा निष्काळजीपणा.” भाऊ शाळेची बस चालवायचा, तसं लिहिलं तर नोकरी जाणार होती. तोच म्हणाला, “ताई, लिहून टाक. मी हमाली करीन.” “तू? तुला भाजीची पिशवी उचलवत नाही!” म्हणत तिने अर्ज कोराच परत दिला. भाऊ निवृत्तीपर्यंत बस चालवत राहिला. ताईने दुकान विकलं. तो भेटायला यायचा, पण ती चहा घेऊन आली की कपबशीचा खडखडाट थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचा.