दर्याची ओटी

दर्याने जयेंद्रला ठेवून घेतलं आणि शिडाची होडी तेवढी परत दिली. "बाबा, इंजिन मधेच तापतं," तो सारखा म्हणायचा. किनाऱ्यावर तपासलं तर काही सापडायचं नाही. वादळात शीड उतरवल्यावर तेच इंजिन तापून बंद पडलं आणि होडी खडकावर आपटली.

आज बापाने होडी कलती करून, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या तळाच्या भोकात बोटं घातली. कुजका हिरवा खण निघाला. इंजिन चालू असताना तो भोकात ओढला जायचा, बंद केलं की सैल पडायचा.

नारळी पुनवेला बायकोने याच होडीतून हिरवा खण-नारळ सोडून दर्याची ओटी भरली होती, पोराला सांभाळ म्हणून.

"काय गावलं?" तिने मागून विचारलं.

"शेवाळ," म्हणत त्याने मूठ घट्ट मिटली.