मामाचं नाव

क्लिफर्डमामाला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी शाळेतल्या यंत्रातून तो रोज पोरांना शिकवत होता. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या त्या त्सिमशियन आदिवासींच्या गावात जुनी भाषा बोलणारा तो शेवटचा माणूस. जाण्याआधी त्याने आपला आवाज आणि आठवणी यंत्रात भरून ठेवल्या होत्या.

पण त्याचं मानाचं नाव आईच्या वंशातूनच पुढे जायचं, आणि यंदा ते भाची लोरेनला मिळणार होतं.

"यंत्र अजून त्याच नावाला ओ देतंय," बेव्हर्लीमावशी म्हणाली. "एक नाव दोघांकडे राहत नाही."

लोरेनने यंत्रातल्या मामालाच विचारलं.

"काढून टाक, पोरी," तो म्हणाला. "त्या नावाने जगलो तेवढं सगळं पुसलं जाईल. शब्द राहतील. पोरांना तेच हवेत."

तिने नाव काढलं. रडू आलं नाही. नाव देण्याच्या मेजवानीत साऱ्या गावासमोर मावशीने त्या नावाने हाक मारली, तेव्हा ती उठून उभी राहिली. लोकांनी तिचे हात हातात घेतले. तिला त्यांचे हात गार लागले, एवढंच.

सोमवारी ती शाळेत गेली.

"या, बसा," मामाच्या आवाजात यंत्र म्हणालं. "आपलं नाव?"

तिने नवं नाव सांगितलं.

"छान आहे. कुणाकडून आलं?"

"मामाकडून."

"बरं. आज आपण माशांची नावं शिकू," ते म्हणालं, आणि लोरेनने वही उघडली.