फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न

“पुण्यातल्या परीक्षकांना पटवलंस, आता या चौथीच्या पोरांना पटव,” घोरपडे गुरुजी म्हणाले. महायुद्धाच्या काळातल्या गावांवरच्या पीएचडीच्या प्रबंधाला पुरस्कार मिळवून शुभदा आपल्या जुन्या शाळेत आली होती.

ज्या प्रश्नाचं उत्तर वर्गात कुणालाच येत नाही, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि उत्तर सापडेपर्यंत पुसायचा नाही, हा गुरुजींचा नियम. शुभदाने चौथीत विचारलेला प्रश्न अजून तिथेच होता: ‘बाप्ये लढाईवर गेले, तेव्हा नांगर कुणी धरला?’

“युद्धकालीन कृषिव्यवस्था...” शुभदाने सुरुवात केली आणि पोरं जांभया देऊ लागली. तेवढ्यात तिने कागद मिटले, ओढणी कमरेला खोचली आणि नांगर धरल्यासारखी वाकली.

“बायकांनी धरला! बाईने नांगर धरला तर पाऊस पडत नाही म्हणायचे, तरी धरला.”

“मग पडला का पाऊस?”

“धो धो!”

वर्ग हसला.

“मग बाप्ये परत आल्यावर बायकांनी नांगर सोडला कशाला?” पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने विचारलं.

शुभदाने मिटलेले कागद पुन्हा उघडून चाळले. परीक्षकांनी हे विचारलंच नव्हतं.

गुरुजींनी जुना प्रश्न पुसला आणि खडू चिमुरडीच्या हातात दिला.