होय महाराजा

रेणुकाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह रॉक आहे, म्हणजे समुद्रातून रहिवाशांसकट उचललेला खडक. त्यातून अधूनमधून कोणीतरी नवीन डोकं काढतं आणि माझी ही बहीण त्याला नुसत्या मिशीवरून ओळखते. मी सख्ख्या मामांनाही तसा ओळखत नाही.

फक्त ‘टक्’ असा आवाज करणारा तिला ओळखता येईना. आधी वाटलं, नांगी फटकन वाजवणारी पिस्तूल कोळंबी. ती पकडून बादलीत ठेवली. खडक पुन्हा म्हणाला, टक्. त्यात तिचे लाडके पट्टेरी मासे एकेक करून नाहीसे व्हायला लागले.

‘‘गाऱ्हाणं घालूया,’’ मालगुंडहून आलेले सहदेवकाका म्हणाले.

‘‘घाला काका. शास्त्राने हात टेकलेत,’’ रेणुका म्हणाली. तिने मात्र टेकले नव्हते. ती खडकाच्या भोकात हात घालून चाचपत होती.

गाऱ्हाण्यात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. काकांनी सुरुवात केली, ‘‘बा म्हाराजा, ह्या टाकीत वस्तीला आलास...’’

आम्ही तोंड उघडायच्या आत खडक म्हणाला, टक्.

‘‘पोरीचे मासे गिळलंस...’’

टक्.

‘‘ते तुला गोड लागले...’’

टक्.

मला कौतुकच वाटलं. आमच्या वाडीतली माणसंही इतक्या वेळेवर होय म्हणत नाहीत.

काकांचा आवाज बारीक झाला. ‘‘आता घरातल्या माणसांच्या वाटेस जाऊ नकोस रे म्हाराजा.’’

आम्ही थांबलो. खडक काहीच बोलला नाही.

‘‘रेणुका, हात काढ गो,’’ काका म्हणाले.

‘‘थांबा,’’ ती अगदी भारावून म्हणाली. ‘‘ह्याला बोटं आहेत.’’