पावाचं टोक

"थांबव गाडी," गिस्लेन म्हणाली. "त्या अक्रोडाखाली. आत्ताच."

"कॅप्टन, गाव जवळच आहे. तिथं थांबू की," बाझील म्हणाला.

"गाव येईपर्यंत तुझी लेक घसा फोडून घेईल. आणि क्लेमाँसचा चेहरा बघ."

बाझीलने आरशातून मागे पाहिलं. त्याची बायको पांढरीफटक पडली होती. त्याने गाडी झाडाखाली घेतली.

गिस्लेनने डिकीतलं सामान बाजूला सारलं, टॉवेल अंथरला आणि झेलीचा लंगोट बदलला. मग रुमालावर संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडून तो बाळाच्या नाकापुढे हलवला. सात महिन्यांची झेली रडता रडता थांबली आणि विचारात पडली. तोच रुमाल नंतर क्लेमाँसच्या हातात आला. तिने तो मागितलाही नव्हता.

"तू पुढे बस," गिस्लेन म्हणाली. "वळणांवर मागे बसलीस की संपलंच."

"तुम्हाला नकाशा बघायचाय ना?"

"नकाशा पाठ आहे मला."

नान्सीहून समुद्राकडे निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. एवढ्याशा बाळाला घेऊन अख्खा देश ओलांडू नका, असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. गिस्लेनने फक्त विचारलं होतं, "कधी निघायचं?" सत्तरी उलटलेली ही बाई सगळ्यांच्या आधी उठायची आणि आपल्या खोलीच्या खिडकीच्या झडपा दाणकन उघडायची. काल दुपारी सगळी दुकानं बंद असताना एका खाणावळीच्या मागच्या दाराने आत शिरून ती झेलीसाठी वाफवलेलं गाजर घेऊन आली होती. वर खाणावळवाल्याला सुनावून आली होती की त्याच्या सूपमध्ये मीठ जास्त आहे.

बाझील सगळ्या जगाला अगं-अरे करायचा, गिस्लेनलाही. क्लेमाँस मात्र तिला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करायची. पुढे ते कधी बदललं नाही.

गावात बेकरी उघडी होती.

"कोण ह्या तुमच्या?" बेकरीवालीने बाळाकडे बघत क्लेमाँसला विचारलं.

"बेल-मेर," क्लेमाँस म्हणाली.

शब्द फोडला तर 'सुंदर आई'. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. बेकरीवाली गिस्लेनकडे वळली. "सून गुणी मिळाली हो तुम्हाला. आमची दोन शब्द धड बोलत नाही."

"गुणी आहे खरी," गिस्लेन म्हणाली आणि तिने पाव काखेत मारला.

बाहेर कट्ट्यावर बसून तिने लांबलचक पावाचं एक टोक मोडलं आणि झेलीच्या मुठीत दिलं. झेली हिरड्यांनी त्यावर तुटून पडली. दुसरं टोक तिने मोडलं आणि न बघताच क्लेमाँसकडे सरकवलं.

"मला आयुष्यात एकदाही हिनं टोक दिलेलं नाही," बाझील म्हणाला.

"तुझ्या वाट्याला मधला भाग. मऊ असतो. दात नाहीत अशांसाठी."

"दात तिला नाहीत!"

"तिला अक्कल आहे."

बाझील हसत सुटला. मग त्याने झेलीच्या तोंडावरचे कण पुसले. "हिला तोंड फुटायला लागलंय. तुला काय म्हणायचं गं हिनं? आजीच ना?"

गिस्लेन मांडीवरचा चुरा झटकत राहिली. "ते क्लेमाँसनं ठरवायचं. नुसतं गिस्लेन म्हणाली तरी मी ओ देईन."

दोघांनीही क्लेमाँसकडे पाहिलं. ती टोक चावत होती. "बघू," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने मनाशी ठरवलं, झेलीनं काय म्हणायचं ते समुद्र दिसला की सांगायचं. गिस्लेन झेलीचे पाय पाण्यात बुडवत असेल, तेव्हाच. म्हणजे तिच्याकडे बघत बोलावं लागणार नाही.

डोंगरातल्या एका शेतघरात त्यांनी मुक्काम केला. गिस्लेनने झेलीला परातीत अंघोळ घातली, पीचची साल एका लांब पट्टीत काढून तिला हसवलं आणि निजायला जाताना क्लेमाँसच्या खांद्यावर शाल टाकली. "उद्या समुद्र," ती म्हणाली.

सकाळी तिच्या खोलीच्या झडपा उघडल्या नाहीत.

झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसणार. समुद्र डोंगराच्या पलीकडेच होता. त्यांनी गाडी तिथूनच मागे वळवली.

नान्सीला, चर्चसमोरच्या दुकानात क्लेमाँसने पांढरी फुलं निवडली. फुलवालीने शोकाची जांभळी फीत कापून घेतली. "कोणासाठी?"

"बेल-मेरसाठी."

फुलवालीने हात थांबवले आणि ती बाझीलकडे वळली. "फार वाईट झालं. आई ती आईच. फितीवर तुमच्या नावानं आधी लिहिते, 'माझ्या आईला'. चालेल?"

"माझी आई बाहेर गाडीत आहे," बाझील हळूच म्हणाला. "बाळाला घेऊन बसलीय."

काचेतून गाडी दिसत होती. फुलवालीने गाडीकडे पाहिलं, मग क्लेमाँसकडे.

"माझ्या वडिलांनी गिस्लेनना लग्न करून घरी आणलं तेव्हा मी सहा वर्षांची होते," क्लेमाँस म्हणाली. "ह्याही नात्याला शब्द तोच."

"हो, खरंच की. मग 'बेल-मेर' असंच लिहू?"

क्लेमाँसच्या काखेत सकाळी घेतलेला पाव होता, दोन्ही टोकं शाबूत.

"नाही," ती म्हणाली. "आई. नुसतं आई लिहा."