बुटाचा मासा

नात तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. कान ठणठणीत, समजतंही सगळं. डॉक्टरीणबाईंनी चित्रांचे पत्ते दिले. सून रोज एकेक पत्ता धरून म्हणायची, "हे मांजर. म्हण बाळा, मांजर." नात मान डोलवायची आणि गप्प. मांजर तर मांजरच होतं, त्यात तिनं बोलायचं काय?

शेवटी पत्ते मी घेतले. मांजर दाखवून म्हणालो, "हा तुझा पप्पा. लहानपणी असाच दिसायचा."

नातीच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, अशानं पोरीचं डोकं फिरेल!" सून कळवळली.

"फिरू दे. मी काही मागे हटत नाही."

अठरा दिवस मी बेडकाला वकील केलं, छत्रीला आत्याबाई केलं. आठी रोज वाढत गेली. एकोणिसाव्या दिवशी बूट दाखवला. "हा मासा. आज जेवायला हाच आहे."

नातीनं पत्ता हिसकावला आणि घर दणाणून सोडलं, "खोटं!"

सून रडता रडता हसायला लागली. "बाबा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"तुझ्या नवऱ्याचा पहिला शब्दही हाच," मी म्हणालो. "अजून मी तोंड उघडलं की तो तेवढंच म्हणतो."