अडखळणारी हर्षाली

सुट्टीत मुलं वाचन विसरू नयेत म्हणून पेठच्या शाळेतल्या आशाबाईंनी रोज फोनवर एक पान वाचून दाखवायला सांगितलं होतं. आठवड्यातच सगळी मुलं गळाली. पाचवीतली हर्षाली मात्र रोज दुपारी फोन करायची. ती सारखी अडखळायची, बाई समजावत बसायच्या. इंदिरानगरच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईंचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

जूनमध्ये शाळेत मुलांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. तिथे हर्षालीने अख्खा धडा घडाघडा वाचला.

बाईंनी तिला बाजूला घेतलं. "मग फोनवर का गं चुकायचीस?"

ती खाली बघत म्हणाली, "नीट वाचलं असतं तर तुम्ही लगेच फोन ठेवला असता, बाई. आई-बा कामावरून येईपर्यंत घरात बोलायला कोणीच नसायचं."